ग्रंथालयाचे कार्ड आणि आपली सुट्टी

आपल्यापैकी अनेकांच्या गावी सार्वजनिक ग्रंथालय आहे. काहींच्या घरी त्याचे कार्डही आहे. पण दोन पुस्तके आणायची आणि मुदत संपली की परत करायची, एवढाच त्याचा उपयोग आपण करतो. खरे तर सुट्टीच्या काही आठवड्यांत या कार्डाचा याहून कितीतरी जास्त फायदा होऊ शकतो.

माझे घर बडोद्याला आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेत शिकलेले वाचन पुढे टिकायचे तर पुस्तके हाताशी हवीत. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शहरातले त्या काळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे.

कार्ड काढताना बहुतेक ठिकाणी फोटो, पत्त्याचा पुरावा, थोडी अनामत रक्कम आणि आपल्या वयाच्या मुलांसाठी पालकांची सही लागते. नियम सगळीकडे सारखे नसतात. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे: एका वेळी किती पुस्तके मिळतात? किती दिवसांसाठी? मुदत वाढवता येते का? मोठ्यांच्या विभागातली पुस्तके आम्हाला मिळतात का? ज्यांच्या वडिलांची किंवा आईची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्यांनी अनामतीची पावती जपून ठेवावी. गाव सोडताना ती दाखवून पैसे परत घेता येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा. भारतातल्या बऱ्याच ग्रंथालयांत ड्यूई दशांश पद्धत वापरतात. तिच्यात ३५५ म्हणजे सैन्यशास्त्र, ३५९ म्हणजे नौदल, ५१० गणित, ७९६ खेळ, ९५४ भारताचा इतिहास आणि ८९१.४६ मराठी साहित्य. हवे ते पुस्तक सापडले की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकेही चाळावीत. ती त्याच विषयाची असतात. नाव माहीत नसलेली चांगली पुस्तके मला अशीच मिळाली.

तिसरी गोष्ट, संदर्भ विभाग. विश्वकोश, नकाशासंग्रह, गॅझेटियर ही पुस्तके घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ६०० गुण सामान्य क्षमतेच्या पेपरचे असतात. त्याची तयारी वाचनकक्षात फुकट होते. मी रोज एकच बातमी इंग्रजी, गुजराती आणि हिंदी वर्तमानपत्रांत वाचतो आणि त्यातली ठिकाणे नकाशात शोधतो. घरी पाहुणे आणि टीव्ही असताना जो अभ्यास होत नाही, तो तिथल्या शांततेत दोन तासांत होतो.

चौथी गोष्ट, ग्रंथपालांना विचारणे. पुस्तक दुसऱ्याकडे गेले असेल तर आपले नाव नोंदवून ठेवता येते का, हे विचारावे. ते ग्रंथालयात नसेलच तर विकत घेण्याची सूचना लिहून द्यावी. काय शोधतो आहोत हे नीट सांगितले, तर ग्रंथपाल मनापासून मदत करतात.

शेवटचा मुद्दा मराठीचा. शाळेत आमचा दिवस इंग्रजीत आणि हिंदीत जातो. मराठी उरते ती रविवारच्या फोनपुरती. आजीला पत्र लिहायला बसलो की साधे शब्द आठवत नाहीत. म्हणून मी एक नियम केला आहे: कार्डावरच्या पुस्तकांपैकी एक नेहमी मराठी. महाराष्ट्राबाहेर याला आणखी एक कारण आहे. ज्या भाषेची पुस्तके कोणी नेत नाही, त्या भाषेची नवी पुस्तके मागवायला ग्रंथालयाला कारण उरत नाही. आपण नेलेले प्रत्येक मराठी पुस्तक तिथल्या नोंदीत राहते.

सुट्टी संपण्याच्या दोन दिवस आधी सगळी पुस्तके परत करावीत, म्हणजे दंड पडत नाही. आणि जिथे नियमात बसते तिथे कार्ड आईवडिलांकडे देऊन यावे. आपण शाळेत असतानाही ते कपाटात पडून राहायला नको.