खेळातला दरोडा, खेळातली साथ

बँकेवर दरोडा पडतो. दरोडेखोर म्हणजे राक्षसांची टोळी, सोबतीला ड्रॅगन. बँक आहे ऑनलाइन गेममधली, पण तक्रार येते एडिनबराच्या पोलिसांकडे. चार्ल्स स्ट्रॉस यांची ‘हॉल्टिंग स्टेट’ ही २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली, २०१८ च्या स्कॉटलंडमध्ये घडणारी रहस्यकादंबरी अशी सुरू होते. चोरी आभासी असली, तरी गेम कंपनीचे नुकसान खरे असते.

साथरोगाच्या अभ्यासकांनीही त्याच वर्षी अशाच एका आभासी घटनेकडे लक्ष वेधले. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये साथ पसरली होती. एका लढाईपुरता ठेवलेला ‘करप्टेड ब्लड’ हा संसर्ग खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत गेममधल्या शहरांत पोहोचला. नवख्यांची पात्रे पटापट मेली. काही खेळाडू मदतीला धावले, काही शहर सोडून पळाले, तर काहींनी मुद्दाम संसर्ग पसरवला. विलगीकरणाचा प्रयत्नही फसला.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या साथीचे विश्लेषण मांडले. संसर्गाचा वेग गणिताने मांडता येतो. घाबरलेला माणूस कसा वागेल, हे सांगणे अवघड. त्यासाठी खरी साथ सोडून प्रयोग करता येत नाही. गेममध्ये ते वागणे आपसूक दिसले. अर्थात, तिथे मेलेले पात्र पुन्हा उठते, त्यामुळे धोका पत्करणे सोपे जाते. तेवढी सूट धरूनच अशा निरीक्षणांचा उपयोग करावा लागतो.