काडतुसाची पुंगळी व पुनर्भरण

रायफलीच्या काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर टोपीतील द्रव्य व दारू जळून जातात, गोळी नळीतून निघून जाते आणि पितळी पुंगळी तेवढी मागे उरते. ही रिकामी पुंगळी तपासून, स्वच्छ करून व मूळ मापावर आणून तीत नवी टोपी, दारू व गोळी बसविणे म्हणजे पुनर्भरण होय. चार घटकांत पुंगळी सर्वांत खर्चिक असल्यामुळे काटकसर हा या क्रियेचा मूळ हेतू. आपल्या रायफलीस जुळणारे एकसारखे काडतूस मिळावे, हा नेमबाजांचा दुसरा हेतू. मात्र प्रत्येक बाराबरोबर पुंगळीच्या धातूचे सामर्थ्य थोडेथोडे खर्ची पडते. पुंगळी टाकून केव्हा द्यावी हे ओळखणे, हाच या तंत्राचा गाभा आहे.

कार्य : नळीच्या मागील टोकाशी ज्या पोकळीत काडतूस बसते तिला कोठी किंवा चेंबर म्हणतात. दारू पेटताच कोठीतील दाब वातावरणीय दाबाच्या ३,००० ते ४,००० पट होतो. या दाबाने पुंगळीच्या पातळ भिंती फुगून कोठीस घट्ट चिकटतात आणि वायूंना मागे येण्यास वाट उरत नाही. म्हणजे पुंगळी ही दारूची डबी तर आहेच, शिवाय ती बंदुकीची मागची बाजू क्षणभर मोहोरबंद करणारे बूचही आहे. दाब उतरताच तिने आकसले पाहिजे. कोठीची पोलादी भिंतही किंचित ताणली जाऊन पूर्ववत होते. पुंगळी तिच्याहून थोडी अधिक आकुंचन पावली, तरच ती सहज बाहेर ओढता येते.

फुगण्याची आणि परतण्याची ही दुहेरी अपेक्षा सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ उत्तम रीतीने पुरी करते. पत्र्याच्या चकतीस वाटीचा आकार देऊन व ती टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी तयार करतात. थंड स्थितीत ओढल्याने पितळ कठीण होते. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. तयार पुंगळीचे बूड जाड व कठीण, तर मान पातळ व मऊ ठेवलेली असते.

इतिहास : ठासणीच्या बंदुकांसाठी कागदी काडतुसे वापरीत. मागून भरण्याच्या बंदुका प्रचारात आल्यावर धातूच्या पुंगळीची गरज भासली. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेत हायरम बर्डन यांनी मध्यभागी टोपी असलेल्या पुंगळ्यांचे दोन प्रकार पुढे आणले. बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असते व पुंगळीच्या बुडास मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे वापरलेली टोपी आतून सळई लोटून काढता येते. बर्डन प्रकारात ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन व बाजूस असतात. ही टोपी काढणे कष्टाचे असते. बॉक्सरची रचना अमेरिकेत व बर्डनची यूरोपात रुजली, हा एक चमत्कारिक योगायोग होय.

मार्टिनी-हेन्री रायफलीची आरंभीची पुंगळी पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. १८८५ साली सूदानमधील अबू क्लीआच्या लढाईत अशा पुंगळ्या कोठीत अडकून बसल्याच्या तक्रारी झाल्या आणि अखंड ओढलेल्या पुंगळीस महत्त्व आले. पाऱ्याच्या फल्मिनेटाच्या टोप्यांमुळे आणखी एक अडचण उद्‌भवली. बारानंतर उरलेला पारा पितळाशी मिसळून ते ठिसूळ करी व पुंगळी पुनर्भरणास निरुपयोगी होई. पुढे पाराविरहित टोप्या आल्यावर हा दोष दूर झाला.

पुनर्भरण : प्रथम पुंगळी स्वच्छ करून तपासतात. नंतर ती पोलादी साच्यात दाबून तिचे फुगलेले अंग मापावर आणतात व जुनी टोपी काढतात. प्रत्येक बार व साच्यातील दाब यांमुळे धातू पुढे सरकून मान लांबते. ती मर्यादेबाहेर लांबल्यास कोठीच्या पुढील अरुंद भागात चिमटली जाते, गोळी सुटण्यास अडथळा होतो आणि दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. म्हणून वाढीव भाग कापतात. त्यानंतर टोपी, उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार तोललेली दारू व गोळी या क्रमाने बसवितात. धूरविरहित दारूचे अनेक प्रकार सारखेच दिसत असले, तरी त्यांचे ज्वलनाचे वेग भिन्न असतात. एकाच्या जागी दुसरा वापरल्याने रायफली फुटल्या आहेत.

पुंगळीचे दोष : (१) मानेस पडणारी उभी चीर. वारंवार फुगून व दबून मान कठीण होते आणि तडकते. केवळ मान व खांदा यांचे अनुशीतन केल्यास आयुष्य वाढते; बूड मात्र तापू देता कामा नये, कारण मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही. (२) बुडालगतचा आडवा भेग-दोष. हा सर्वांत घातक होय. पातळ भिंती कोठीस चिकटून राहतात, तर जाड बूड मागे बोल्टकडे ढकलले जाते. परिणामी दोहोंच्या सांध्यापाशी धातू ताणून पातळ होतो. बोल्ट व काडतूस यांमध्ये मोकळी जागा जितकी अधिक, तितका हा ताण अधिक. .३०३ लष्करी रायफलींच्या कोठ्या धूळ-चिखलातही काडतूस बसावे म्हणून सैल ठेवलेल्या असत. त्यांत ही झीज लवकर होते. बाहेरून दिसणारे चकाकते वलय किंवा टोक वाकविलेली तार आत फिरविताना लागणारी खाच, ही या दोषाची पूर्वसूचना होय. अशा पुंगळीचे बूड पुढील बारास तुटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. (३) हंगामी भेगा. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा व ओढताना पितळात राहिलेला अंतर्गत ताण ही त्याची कारणे मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली विशद केली. सौम्य उष्णतेने हा ताण घालविता येतो. अमोनियायुक्त पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत, या नियमाचे मूळही येथेच आहे.

कोठीची निगा : कोठी स्वच्छ, गुळगुळीत व कोरडी असावी. गंजाच्या खड्ड्यांत फुगलेले पितळ रुतते व पुंगळी अडकते. याउलट कोठीत तेल राहिल्यास पुंगळी भिंतीस नीट चिकटत नाही आणि बोल्टवर पडणारा जोर वाढतो. म्हणून साठवणीच्या वेळी लावलेले तेल बारापूर्वी पुसून काढतात. पोटॅशियम क्लोरेट असलेल्या जुन्या टोप्यांमधून पोटॅशियम क्लोराइड उरते. हे लवण हवेतील ओलावा शोषून गंज चढविते. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून नळीत व कोठीत उकळते पाणी ओतून, त्या कोरड्या करून मगच तेल लावण्याची सैन्यात पद्धत होती. पुढे लेड स्टिफनेटाच्या टोप्या रूढ झाल्यावर ही गरज बरीच कमी झाली.

महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव (१९६४) येथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणारे सरकारी कारखाने आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये भारतात परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही.