‘रन’ची धाव कुठवर?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. तिच्यात ४३० अर्थ दिले होते. पुढे कोशाची नव्याने फेरतपासणी सुरू झाली आणि २०११ च्या सुमारास हा मान ‘रन’कडे गेला. पीटर गिलिव्हर या संपादकाने या एकाच क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. हा आकडा ऐकला की इंग्रजी शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग वाटते, एवढे अर्थ पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी एखादा नेमका समानार्थी शब्द वापरलेला काय वाईट? माझ्या मते ही वाट चुकीच्या दिशेने जाते. हे अर्थ कसे वाढत गेले ते पाहिले, तर समानार्थी शब्द त्यांची जागा का घेऊ शकत नाहीत हेही कळते.

आज आपण ‘रन’ म्हटले की धावणारी माणसे डोळ्यांपुढे आणतो. पण जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ धावणे तसा वाहणेही होता, आणि त्याच कुळातले जर्मन क्रियापद ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात. त्यामुळे नळाचे पाणी, सर्दीने गळणारे नाक, धुतल्यावर कपड्याचा जाणारा रंग यांना इंग्रज ‘रन’ म्हणतो त्यात ओढूनताणून काही नाही. तो मूळचाच अर्थ आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्या इंग्रजीत स्वतः धावण्याचे क्रियापद वेगळे होते आणि त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावण्याचे, घोडा दौडवण्याचे, वेगळे होते. मराठीत पळणे आणि पळवणे आहेत तसेच. पुढच्या काही शतकांत ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून एकच ‘रन’ उरले. मराठीत दुकान चालते आणि मालक ते चालवतो. ‘व’ हे एक अक्षर काम करून जाते. इंग्रजीत दुकानही ‘रन’ होते आणि मालकही ते ‘रन’ करतो. म्हणजे आपण जे काम प्रत्ययावर सोपवतो, ते इंग्रजीने अर्थाच्या खात्यावर टाकले. यादीतल्या बऱ्याच नोंदींचा उगम इथे सापडतो.

त्यानंतर यंत्रयुग आले. गिरणी, आगगाडी, छापखाना, मोटार, पुढे संगणकाची आज्ञावली: जे जे एकदा सुरू केले की आपल्या गतीने होत राहते, ते सगळे ‘रन’च्या पदरात पडले. ‘सेट’ म्हणजे ठेवणे, बसवणे, मांडणे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांनी जगात जी भर घातली तिच्यात मांडून ठेवण्यापेक्षा फिरत्या, सुरू राहणाऱ्या वस्तू फार होत्या. ‘रन’ पुढे गेला याचे मला तरी हेच सर्वांत पटणारे कारण वाटते. हा केवळ इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणता येत नाही. फ्रेंचमध्ये यंत्र सुरू असते त्याला चालण्याचेच क्रियापद लावतात, आणि मराठीत तर घड्याळ चालते, खटला चालतो, सिनेमा चालतो, नाटकाची तालीम चालते, आणि होकार द्यायचा तर आपण ‘चालेल’ म्हणतो. जिथे इंग्रज धावतो तिथे आपण चालतो, एवढेच.

आता समानार्थी शब्दांकडे वळू. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडवर चालून आले आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा सुरू झाला. विद्वानांनी लॅटिनमधून आणखी भर घातली. म्हणून ‘रन’भोवती ऑपरेट, कंडक्ट, डायरेक्ट अशी भारदस्त मंडळी जमली. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध समानार्थकोश काढला, तोही वर्णक्रमाने न लावता कल्पनांच्या वर्गांप्रमाणे लावलेला. जवळचे शब्द शेजारी ठेवून त्यांतला भेद तोलावा, ही त्या मांडणीची सोय. आपण मात्र यादी अदलाबदलीसाठी वापरतो. किराणा दुकानाचेच घ्या. ते ‘रन’ करणारा मालक असेल, त्याची बायको असेल किंवा भाचा असेल; भार कोणावर आहे एवढेच तो शब्द सांगतो. ‘मॅनेज’ म्हटले की पगारी व्यवस्थापकाची छटा येऊ शकते. ‘ऑपरेट’ म्हटले की दुकानाला यंत्राचा किंवा कंपनीच्या कागदपत्रांचा वास येतो. ‘ओन’ मध्ये मालकी आहे, पण रोज सकाळी शटर वर करणारा माणूस नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, आपल्यासारखाच उभा राहतो. इथे तर धावणे आणि उभे राहणे हे विरुद्ध शब्द समानार्थी ठरले! शब्द एकटा घेतला की हे कोडेच वाटते. शेजारी निवडणूक ठेवली की ते सुटते.

यावर कोणी म्हणेल, ६४५ हा आकडा कोशकारांनी किती बारीक चिरायचे ठरवले त्यावर अवलंबून आहे. खरेच आहे, आणि छोट्या कोशात हीच नोंद एखाद्या पानात आटोपते. म्हणून आकड्यापेक्षा एक साधी कसोटी बरी: एकाच ‘रन’ला दोन कर्मे जोडून पाहावीत. ‘त्याने दुकान आणि खानावळ रन केली’ हे खपते. ‘दुकान आणि मॅरेथॉन रन केली’ हे कानाला खटकते. जिथे खटकते तिथे अर्थ खरोखर फुटलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकाच शब्दावर इतके ओझे टाकणे हा आळस नव्हे का? खुद्द सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा सैल, व्यापक क्रियापदांबद्दल तक्रार केली आहे, आणि त्याच्या यादीत ‘रन’ही आहे. क्रियापदाला लहानसे अव्यय जोडून होणारे प्रयोग परक्यांना सर्वांत अवघड जातात, हेही त्याने ओळखले होते. ‘रन आउट’ म्हणजे संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली घेणे. पण आळस म्हणावा तर तो साऱ्या भाषांचा. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिप्फने १९४५ मध्ये दाखवले की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही जास्त. उलट बाजूचा पुरावाही आहे. इंग्रज भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेनने १९३० मध्ये ८५० शब्दांची सोपी इंग्रजी सुचवली आणि क्रियापदे जेमतेम दीड डझन ठेवली. शब्द कमी झाले, पण वगळलेल्या क्रियापदांचे सगळे काम गेट, पुट, टेक यांच्यावर आले. शिकणाऱ्याला पाठ करायला शब्दांऐवजी त्यांच्या जोड्या उरल्या.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यांना ‘रन = धावणे’ असे शिकवून पुढे समानार्थी शब्दांची यादी हातात देण्यापेक्षा ‘रन अ शॉप’, ‘रन अ फीव्हर’, ‘रन आउट ऑफ शुगर’ असे तयार तुकडे द्यावेत. ताप अंगात असतो त्याला ‘ऑपरेट’ किंवा ‘मॅनेज’ लावून पाहिले की मूल स्वतःच हसेल, आणि साखर संपली हे सांगायला धावणे कुठून आले, हा प्रश्नही तेच विचारील.