टाकीतला अनोळखी किडा आणि नाव ठेवण्याची घाई

जळगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी इथल्या माझ्या एका मित्राच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळून आणि आपल्या उन्हाळ्यात चिलर लावून त्याने ती जगवली आहे. एका रात्री त्याचा व्हिडिओ आला. दगडाच्या भोकातून अर्धा बाहेर आलेला गुलाबी, केसाळ किडा आणि त्याच्या तोंडाशी मेलेली गोगलगाय. खाली एकच ओळ: "हाई काय शे भो?"

मी लगेच लिहिलं, "ब्रिस्टल वर्म आहे. यानेच मारली."

पहिलं वाक्य निरीक्षणावर उभं होतं. दुसऱ्याला कसलाच आधार नव्हता. संशोधनाची तयारी करत असाल तर हा फरक आत्ताच अंगवळणी पाडा.

आधी विचारा, हा आला कुठून? अशा टाकीत बऱ्याचदा समुद्रातला सच्छिद्र दगड ठेवतात, त्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात. त्याच्या भोकांत किडे, खेकडे, स्पंज, अंडी असं बरंच काही लपून येतं. म्हणून वहीत पहिली नोंद दगडाची. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षण आहे, त्यामुळे हा प्रश्न कायद्याचाही आहे.

मग ओळख वरून खाली करत या. शरीर वलयांचं आहे का? वलयांच्या दोन्ही बाजूंना शूकांचे झुपके आहेत का? असतील तर ॲनेलिडा संघ, पॉलिकीटा गट. व्हिडिओवरून इथपर्यंत ठामपणे म्हणता येतं. जात ठरवायला शूक आणि डोकं सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तेव्हा इथेच थांबा. आणि हात लावू नका: काही जातींचे शूक कातडीत घुसतात आणि आग होते.

आता खुनाचा आरोप. असे बरेच किडे मेलेलं खातात. गोगलगाय आधीच मेली आणि वासावर किडा आला, हेही त्याच व्हिडिओत बसतं. एकाच पुराव्यात दोन गोष्टी बसत असतील, तर तो पुरावा अजून कोणाच्याच बाजूचा नाही.

चुकीची ओळख महागात पडते. ऐप्टेशिया नावाचं छोटं समुद्रफूल असंच दगडावरून येतं. शेवाळ समजून ते खरवडलं, तर मागे राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुलं वाढतात. गंमत म्हणजे टाकीवाल्यांचा हा शत्रू प्रयोगशाळांत प्रवाळ आणि शैवाल यांचं सहजीवन अभ्यासायला मुद्दाम वाढवतात.

याहून मोठं उदाहरण 1883 चं. ऑस्ट्रियात ग्राझ इथे फ्रान्झ आयल्हार्ड शुल्त्झे यांना खाऱ्या पाण्याच्या टाकीत काही मिलिमीटरचा चपटा जीव सापडला. त्याला ना तोंड, ना चेतापेशी. त्यांनी नाव दिलं ट्रायकोप्लॅक्स. 1907 मध्ये थिलो क्रुम्बाख यांनी सांगितलं, हा वेगळा प्राणी नाही, जेलीफिशच्या नात्यातल्या एका प्राण्याचा लार्व्हा आहे. बहुतेकांनी ते मानलं आणि पुढची कित्येक दशकं या जीवाकडे फारसं कोणी पाहिलंच नाही. 1971 मध्ये कार्ल ग्रेल यांनी त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ मांडला. अख्खा प्राणीसंघ काचेवर सरपटत होता, पण नाव 'मिळालं' म्हणून बघणं थांबलं होतं.

मी मित्राला पुन्हा मेसेज केला: "मारली हे मला माहीत नाही. किडा राहू दे, नोंद ठेव." तीन आठवडे तो रोज रात्री लाल टॉर्चने बघत होता. बाकीच्या गोगलगाई जिवंत राहिल्या. एवढ्यावरून किडा निर्दोष ठरत नाही, पण माझ्या वाक्याला आधार नव्हता हे नक्की झालं.

तुमच्या वहीत आजच तीन रकाने आखा: दिसलं, वाटलं, तपासायचं. 'यानेच मारली' हे दुसऱ्या रकान्यात लिहायचं असतं. मी ते पहिल्यात लिहिलं होतं.