तीळ, जन्मखूण आणि आपली बेफिकिरी

कारकुनीत आमची वीस वर्षे गेली. नव्या माणसाचे सेवापुस्तक भरताना 'शरीरावरील ओळखीच्या खुणा' हा रकाना आला की तो गाल, मान, हनुवटी चाचपतो आणि म्हणतो, "तीळ आहे, लिहा." पाठीवरचा किंवा तळपायाचा तीळ कोणी सांगत नाही. सांगणार कसा? तो त्याला स्वतःला दिसतच नाही. घात होतो तो कधी कधी तिथेच.

बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात, हे आधी सांगून टाकतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी एके ठिकाणी जमल्या की तीळ होतो. तिशी-पस्तिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात. अमुक गालावर तीळ म्हणजे धनलाभ, हे थोतांड. गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाला डाग आला, हे त्याहून मोठे थोतांड.

आमच्या वस्तीत एका तान्ह्या बाळाच्या कमरेवर निळसर डाग दिसले. सासू म्हणाली, "पोराला पाडलंस." सून आठ दिवस रडत होती. शेवटी आमच्या मंडळींनी तिला सीपीआरला नेले. असे डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतःच असतात, ते दुखत नाहीत आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बहुधा आपोआप विरतात. डॉक्टरांनी हे सासूलाच समजावले, ते बरे झाले.

मात्र सगळ्याच जन्मखुणा सोडून देण्यासारख्या नसतात. जन्मानंतर थोड्या दिवसांत उठलेला लाल, फुगीर डाग पुढे बहुधा ओसरतो. पण तो डोळ्याजवळ, नाकावर किंवा ओठावर असेल तर थांबू नये. कपाळ आणि पापणीवर जांभळट लाल सपाट डाग असेल तर बाळाचे डोळे तपासून घ्यावेत, आणि झटके येतात का तेही डॉक्टरांना सांगावे. अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतील, किंवा जन्मतःच मोठा केसाळ तीळ असेल, तर बाळाला दाखवावेच.

आता मोठ्यांचे. आपले कोल्हापूर फुटबॉलवेडे. जमैकाचा गायक बॉब मार्ले हाही असाच फुटबॉलवेडा होता. त्याच्या पायाच्या अंगठ्याचे दुखणे खेळातली इजा समजले गेले. 1977 साली नखाखाली कॅन्सर निघाला. अंगठा काढण्यास त्याने नकार दिला. 11 मे 1981 रोजी तो वारला, वय अवघे 36. सावळ्या-काळ्या माणसांत हा कॅन्सर कमी होतो हे खरे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तळपायाला ठेच लागली, रक्त साकळले, असे म्हणून आपण महिने काढतो.

तीळ वाढू लागला, त्याची एक बाजू दुसरीसारखी राहिली नाही, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, तो पेन्सिलीमागच्या रबरापेक्षा मोठा झाला, खाजू लागला, रक्त येऊ लागले, किंवा चाळिशीनंतर नवाच उगवला, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. केसपेपर काढायला एक सकाळ जाते, खाडा पडतो, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी जावे. चुना-सोडा लावून तीळ जाळू नये. जखम होते ती वेगळीच, पण जळालेल्या तिळात काय होते हे मग डॉक्टरलाही कळत नाही. काढलेला तीळ तपासणीला पाठवावा लागतो.

आणखी एक. मागाहून उठलेल्या फिकट किंवा लालसर चट्ट्याला टोचलेले कळत नसेल तर त्याला जन्मखूण समजू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. लपवला तर हातापायांची बोटे वाकडी होतात.

घरात एकमेकांची पाठ घासून देण्याची रीत आपल्याकडे आहेच. येत्या रविवारी आंघोळीच्या वेळी पाठ घासता घासता ती नीट पाहून घ्या, आणि म्हाताऱ्यांचे तळपायही उजेडात बघा.