गर्दी नसलेला बाजार

शनिवारवाड्याचे जुने छायाचित्र हाती आले की सगळे दिल्ली दरवाजा बघतात. मी त्याच्यासमोरचे मैदान बघतो. १८२८च्या आगीत वाडा आतून जळाला, तट तेवढे उरले. त्या तटापुढे पुण्याचा भाजीबाजार उघड्यावर भरायचा. पण सुरुवातीच्या छायाचित्रांत बाजाराचा गजबजाट शोधू गेलात तर फसाल.

दोष बाजाराचा नाही, काचेचा. १८५१ साली निघालेल्या तंत्रात काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि शेजारच्या काळोख्या तंबूत लगेच धुवायचे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. त्यांच्या काळात लख्ख उन्हातही भिंगावरचे झाकण काही सेकंद काढून ठेवावे लागे. तेवढ्यात हमाल चौक ओलांडून गेलेला असे. घासाघीस करणारे गिऱ्हाईक धुरकट पट्टा होऊन उरते आणि पाटीमागे निवांत बसलेली भाजीवाली मात्र लुगड्याच्या चुण्यांसकट स्पष्ट उमटते. एरवी इतिहासात जिची नोंद नाही, ती इथे ठसठशीत. मला हा न्याय आवडतो.

१८८६ साली रे मार्केट, म्हणजे आजची मंडई, उघडले आणि बाजार छपराखाली गेला. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने.

तोवर कोरड्या काचा आल्या होत्या. क्षणभराच्या उजेडात चित्र निघू लागले आणि छायाचित्रांतली माणसे अचानक वाढली. त्यावरून ‘शहर गजबजू लागले’ असे कुणी लिहिले तर ते निम्मेच खरे माना. माणसे आधीही होती, काचेवर थांबत नव्हती एवढेच.

घरात मंडईचा जुना फोटो असेल तर टिळकांचा पुतळा शोधा. तो १९२४ साली बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. त्याची जागा दिसते आहे आणि पुतळा नाही, तर फोटो त्याआधीचा. कळलेले साल मागे लिहून ठेवा. मात्र मऊ पेन्सिलीने, कारण पेनाची शाई कालांतराने पुढे उमटते.