दिसलेला भाव आणि पडलेला भाव

मालाचा भाव कसा करावा हे आमच्या मुळशीकरांना कोणी शिकवायला नको. आंबेमोहराचे पोते पुढे ठेवून बसलेला शेतकरी व्यापाऱ्याच्या पहिल्या आकड्याला कधी मान डोलवीत नाही. पण त्याचेच पदवीधर चिरंजीव मोबाईलवर ऑप्शनचा सौदा करू लागले, की ‘मिळेल त्या भावाने घ्या’ असे सांगून मोकळे होतात!

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. १९५६ च्या कायद्याने शेअरांच्या अशा सौद्यांना मनाई केली होती. ती १९९५ मध्ये उठली आणि जून २००१ मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले. आज हा बाजार पौडच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात आहे. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यातले. जमिनीचा पैसा ज्या घरांत आला, त्यांतल्या काही घरांत हा नादही मागोमाग आला.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, म्हणून लोक हिशेब दाखवायला येतात. शेजारचा एक मुलगा असाच कागदांची चळत घेऊन आला. “काका, बाजार माझ्या अंदाजाप्रमाणे वर गेला, तरी पैसे गेले कसे? मला फसवलं का हो?”

पैसे वडिलांनी विकलेल्या जमिनीचे होते. मी एकेक सौदा तपासला. फसवणूक एकातही आढळली नाही. गळती मात्र जवळजवळ प्रत्येकात होती.

ती अशी. समजा, पडद्यावर ४३ रुपये दिसतात. पण तो झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव, कदाचित अर्ध्या तासापूर्वीचा. या घडीला घेणारा ४० देतो आणि विकणारा ४६ मागतो. मिळेल त्या भावाने घेतले तर ४६ पडतात, तसेच विकले तर ४० हाती येतात. बाजार तसूभरही हलला नाही, तरी ५०० च्या एका लॉटमागे ३,००० रुपये गेले! दलाली आणि कर निराळे. ज्या ऑप्शनला गिऱ्हाईक थोडे, तिथे ही दरी अधिक रुंद.

यावर उपाय जुनाच आहे. आपला भाव आपण सांगावा. याला लिमिट ऑर्डर म्हणतात. दोन्ही भाव पाहावेत, मधला आकडा द्यावा आणि थांबावे. सौदा पटला नाही तर उठून यावे. दरी फार मोठी असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

दलालाचीच चूक वाटली, तर सौद्याची वेळ आणि क्रमांक टिपून ठेवा, कॉन्ट्रॅक्ट नोटशी ताडून पाहा आणि आधी दलालाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर आणि पुढे २०२३ पासून सुरू झालेल्या ऑनलाइन लवादाकडे जाता येते. परंतु ‘मिळेल त्या भावाने’ असे आपणच सांगितले असेल, तर पडलेल्या भावाबद्दल सहसा दाद मिळत नाही.

बड्यांच्या लबाडीचा संशयही निराधार नाही. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीवर बँक निर्देशांकात फेरफार केल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम गोठवण्याचा अंतरिम आदेश काढला. कंपनीने आरोप नाकारला. असे काही घडले, तर आपली लिमिट ऑर्डर आपल्याला वाचवू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या पाहणीप्रमाणे, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन खेळणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. सौद्यांच्या खर्चापोटीच सर्वांचे मिळून सुमारे ५०,००० कोटी रुपये गेले.

शेजारच्या मुलाने उरलेली रक्कम वडिलांच्या नावे बँकेत ठेवली आहे. आपल्या घरातही कोणी हे सौदे करीत असेल, तर यंदा पाडव्याला चोपडी उघडताना त्याच्याकडून वर्षाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा मागवून घ्या. नफा-तोटा एका बाजूला मांडा, खर्च दुसऱ्या बाजूला. बेरीज मात्र सर्वांसमक्ष करा.